केटो आणि त्याचे तेलघर

इटली देशात, रोम शहराच्या ईशान्येस, सबाइन नावाचा डोंगराळ प्रांत होता. त्या प्रांतातील एका शेताच्या कडेला एक जुने, लहानसे घर उभे होते. घर साधे आणि भोवतालची जमीनही बेताचीच. मार्कस नावाचा एक तरुण आपल्या वडिलार्जित शेतावरून चालत वारंवार त्या घरापाशी येई आणि ते निरखीत उभा राही. ते घर मानियस क्युरियस या जुन्या काळातील सेनापतीचे होते. क्युरियसने रोमचे मोठमोठे शत्रू जिंकले, तीन वेळा विजयाची मिरवणूक काढण्याचा मान मिळविला. पण एवढा मोठा वीर आपली लहानशी जमीन स्वतःच्या हातांनी कसत असे. एकदा शत्रूचे वकील त्याच्यापुढे सोन्याची भेट घेऊन आले. त्या वेळी तो चुलीपाशी बसून सलगमाचे कंद शिजवीत होता, अशी आख्यायिका आहे. त्याने ते सोने तसेच परत पाठविले. ज्याची भूक साध्या कंदांवर भागते त्याला सोन्याचा मोह पडत नाही, हे त्याने आपल्या वागण्याने दाखवून दिले.

त्या घराकडे पाहून मार्कस घरी परते, तो अधिक काटकसरीने राहण्याचा निश्चय करूनच. हाच तरुण पुढे रोमच्या इतिहासात मार्कस पोर्शियस केटो या नावाने प्रसिद्धीस आला.

केटोचा जन्म इ. स. पू. 234 मध्ये रोमजवळील टस्क्युलम या गावी झाला. त्याचे घराणे शेतकऱ्याचे. घराण्यातील कोणीही राज्यात मोठ्या अधिकारावर चढलेला नव्हता. त्याच्या बालपणीच कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला आणि रोमवर मोठे संकट कोसळले. केटो वयाच्या सतराव्या वर्षी सैन्यात दाखल झाला. कूच करताना तो आपली शस्त्रे स्वतः वाहून नेई आणि तहान लागली तर बहुधा पाण्यावरच भागवी.

युद्धातून मोकळीक मिळताच तो शेतावर परते. सकाळी तो आसपासच्या गावांत जाऊन गरजू लोकांचे खटले मोबदला न घेता चालवी आणि मग येऊन आपल्या गुलामांबरोबर शेतात राबे. त्या काळी रोममध्ये युद्धात पकडलेल्या माणसांना गुलाम म्हणून विकण्याची दुष्ट चाल होती. केटोच्या शेतावरही असे गुलाम होते. परंतु तरुण केटो थंडीत जाडाभरडा सदरा घालून, उन्हाळ्यात उघड्या अंगाने त्यांच्याबरोबर काम करी. त्यांच्याच पंक्तीस बसून त्यांचीच भाकरी खाई आणि त्यांचेच मद्य पिई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे महत्त्व पुढे कळून येईल.

जवळच व्हॅलेरियस फ्लॅकस नावाच्या एका थोर कुळातील गृहस्थाची जमीन होती. या कष्टाळू व बोलक्या तरुणाची कीर्ती त्याच्या कानी गेली. त्याने केटोला रोमला जाऊन राज्यकारभारात शिरण्याचा आग्रह केला. केटो रोमला गेला आणि आपल्या वक्तृत्वाच्या बळावर एकेक पायरी चढू लागला. इ. स. पू. 198 मध्ये तो सार्डिनिया बेटाचा अधिकारी झाला. पूर्वीचे अधिकारी तंबू, नोकरचाकर आणि मेजवान्या यांचा सारा खर्च रयतेवर लादीत. केटो मात्र एक सेवक बरोबर घेऊन गावोगाव पायी हिंडला. अतोनात व्याज घेणाऱ्या सावकारांना त्याने बेटाबाहेर हाकलून दिले. इ. स. पू. 195 मध्ये तो कॉन्सल, म्हणजे राज्यातील सर्वोच्च अधिकारी झाला आणि स्पेनमधील मोहिमेवर गेला. मोहीम संपल्यावर, ज्या घोड्यावर बसून त्याने लढाया केल्या तो घोडा त्याने स्पेनमध्येच सोडला. घोडा जहाजातून नेण्याचा खर्च सरकारी तिजोरीवर पडू नये, हे त्याचे कारण होते.

इ. स. पू. 184 मध्ये तो सेन्सॉर झाला. नागरिकांची गणना करणे, त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे आणि सार्वजनिक बांधकामांची व्यवस्था पाहणे, ही या अधिकाऱ्याची कामे. उंची वस्त्रे, दागिने आणि गाड्या यांवर केटोने जबर कर बसविले. काही श्रीमंतांनी सार्वजनिक नळांतून आपल्या वाड्यांत चोरून पाणी घेतले होते; ते त्याने तोडून टाकले. शहरातील गटारे दुरुस्त करविली. त्याला शत्रू पुष्कळ झाले, पण त्याच्यावर लाच घेतल्याचा डाग कधी लागला नाही. पुढे रोमन लोक त्याला सेन्सॉर केटो याच नावाने ओळखू लागले.

घरीही त्याची शिस्त तशीच होती. त्याच्याजवळ मुलांना शिकविणारा एक विद्वान गुलाम होता. तरी आपल्या मुलाला अक्षरओळख, कायदा, भालाफेक आणि पोहणे हे सारे त्याने स्वतः शिकविले. मुलाला वाचता यावे म्हणून रोमचा इतिहास त्याने स्वहस्ते मोठ्या अक्षरांत लिहून काढला.

वृद्धपणी, सुमारे इ. स. पू. 160 मध्ये, केटोने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. लॅटिन गद्यातील जे ग्रंथ आज संपूर्ण उपलब्ध आहेत त्यांत तो सर्वांत जुना आहे. त्यात लढायांची वर्णने नाहीत, भाषेचा डौल नाही. गोठा कसा असावा, खत कसे घालावे, कोणते अवजार कोणत्या गावी घ्यावे, अशाच गोष्टी त्यात आहेत. त्यातही ऑलिव्हच्या तेलाविषयी केटोने फार बारकाईने लिहिले आहे.

ऑलिव्ह किंवा जैतून हे भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील झाड. त्याचे फळ कडू असते. झाडावरून तोडून तसेच खाता येत नाही. परंतु त्याच्या गरात तेल भरलेले असते. रोमन माणूस हे तेल अन्नात घाली, दिव्यात जाळी आणि अंगाला चोळी. ज्याच्या घरी तेलाचे रांजण भरलेले, तो शेतकरी सुखी. आपल्याकडील लाकडी घाण्यात बी भरडणे आणि तेल गाळणे ही कामे एकाच वेळी होतात. ऑलिव्हचे तसे नाही. आधी फळ ठेचून त्याचा लगदा करावयाचा आणि नंतर तो लगदा दाबून तेल काढावयाचे, अशी दोन निरनिराळी कामे दोन निरनिराळ्या यंत्रांवर करावी लागत.

पहिले यंत्र दगडाचे. रोमन लोक त्याला ट्रापेटम म्हणत. एक मोठी, गोल, दगडी उखळी. तिच्या मधोमध उभा दगडी खांब. खांबावर आडवा दांडा. आणि दांड्याच्या दोन बाजूंस अर्धगोल आकाराचे दोन जड दगड. दांडा धरून माणसे फिरू लागली म्हणजे दगड उखळीत फिरत आणि फळ चिरडले जाई. येथे केटोने एक महत्त्वाची सूचना केली आहे. दगड उखळीच्या तळाला टेकता कामा नये. त्यांच्यामध्ये करंगळीच्या रुंदीइतके अंतर हवे. फळाचा गर चिरडावा, पण दगड दगडावर घासू नये, हा त्यातला हेतू. फळातील बी फुटली तर तेलाला वाईट चव येते, असेही तो मानी. आजच्या यंत्रांत बिया फळासोबतच ठेचल्या जातात आणि त्यामुळे तेल बिघडत नाही, असे अनुभवास आले आहे. पाँपेई शहराच्या परिसरात झालेल्या उत्खननात असे ट्रापेटम सापडले आहेत, आणि केटोच्या ग्रंथावरून त्यांच्या भागांची ओळख पटविता येते.

दुसरे यंत्र दाबाचे. तेलघरात सुमारे पंचवीस फूट लांबीची भक्कम लाकडी तुळई आडवी बसवीत. तिचे एक टोक दोन खांबांमध्ये अडकविलेले असे. त्या टोकाजवळ, तुळईखाली, लगदा भरलेल्या विणलेल्या टोपल्या रचून ठेवीत. तुळईच्या दुसऱ्या टोकाला दोर बांधून तो एका लाकडी रहाटावर गुंडाळीत. माणसे पहारीसारख्या दांड्यांनी रहाट फिरवू लागली की दोर ताणला जाई, तुळई खाली येई आणि टोपल्यांवर प्रचंड दाब पडे. तरफेच्या साह्याने थोड्या माणसांच्या बळातून मोठा दाब निर्माण करण्याची ही युक्ती होती. केटोनंतर सुमारे दोनशे वर्षांनी मळसूत्राच्या साह्याने दाब देणारी यंत्रे प्रचारात आली. केटोच्या तेलघरात मात्र तुळई, दोर आणि माणसांचे दंड हीच शक्ती होती.

टोपल्यांतून जो रस गळे तो निव्वळ तेल नसे. त्यात एक काळपट, कडू पाणी मिसळलेले असे. तेल हलके असल्याने वर तरंगते आणि पाणी खाली राहते. टाकीपाशी बसलेल्या माणसाने शिंपल्याने वरचे तेल अलगद काढून घ्यावे, हात थांबवू नये, खालचे पाणी मुळीच येऊ देऊ नये. मग ते तेल एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून पुनःपुन्हा स्वच्छ करावे, असे केटो सांगतो. तेलघरात तांब्याचे भांडे वापरू नये, असाही त्याचा नियम होता. तांब्याच्या संपर्काने तेल लवकर खवट होते, हे आजचे शास्त्रही सांगते. मात्र तेल धरण्यासाठी त्याने शिशाची कढई सुचविली आहे. शिसे शरीराला विषारी असते याची त्याला कल्पना नव्हती. गाळून उरलेले कडू पाणीदेखील तो फेकू देत नसे. खळ्यात मुंग्या होऊ नयेत म्हणून, कपड्यांच्या पेटीला कसर लागू नये म्हणून, मेंढ्यांची खरूज बरी व्हावी म्हणून त्या पाण्याचा उपयोग त्याने सांगितला आहे.

फळे तोडल्यावर ती किती दिवस ठेवावी, हा तेलघरातला नेहमीचा वादाचा प्रश्न होता. तोडणाऱ्या मजुरांना वाटे, फळे आपोआप जमिनीवर गळून पडावी, म्हणजे श्रम वाचतील. गाळणाऱ्यांना वाटे, फळे ढिगात पडून मऊ व्हावी, म्हणजे ती लवकर ठेचली जातील. ढिगात ठेवल्याने तेल वाढते, अशीही एक समजूत होती. केटोने हे काहीच मान्य केले नाही. फळ पिकताच तोडावे आणि तोडताच गाळावे. जेवढा उशीर, तेवढे तेल कमी आणि वाईट, असे त्याने निक्षून सांगितले. ढिगात फळे तापतात व आंबतात आणि तेलातील आम्लता वाढते, हे रसायनशास्त्राने पुढे सिद्ध केले. केटोला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले होते आणि जे पाहिले ते लिहून ठेवले होते.

हिशेबात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ट्रापेटम कोठून आणावा, याचा जमाखर्च त्याने दिला आहे. सुएसा गावाजवळ तो 400 सेस्टर्स नाण्यांना मिळाला, त्याबरोबर 25 सेस्टर्स किमतीचे पन्नास पौंड तेल द्यावे लागले, जुळणीला 60, बैलगाडीच्या वाहतुकीला 72 आणि आडव्या दांड्याला 72, एकूण 629. पाँपेईत तोच संच 384 सेस्टर्सला, म्हणजे स्वस्त होता. पण वाहतुकीला 280 आणि जुळणीला 60 धरून तो 724 सेस्टर्सवर गेला. बाजारातली किंमत आणि दारात पडणारी किंमत यांतील फरक केटोने अशा रीतीने आकड्यांनी दाखवून दिला.

परंतु याच ग्रंथात दुसराही एक हिशेब आहे. ऑलिव्हच्या सुमारे दीडशे एकरांच्या मळ्याला किती माणसे लागतात, हे केटोने मोजले आहे. कारभारी आणि त्याची सहकारीण धरून तेरा माणसे. ही माणसे गुलाम होती. तुळईचा दोर तीच ताणीत आणि दगडही तीच फिरवीत. त्यांना तोंडी लावण्यास काय द्यावे? आपोआप गळून पडलेली ऑलिव्ह फळे. ती संपली की, ज्यांतून तेल फारसे निघणार नाही अशी फळे. आणि तीही पुरवून पुरवून. तेल महिन्याला माणशी सुमारे अर्धा लिटर. अंगरखा आणि घोंगडी दोन वर्षांतून एकदा. आणि नवे वस्त्र देताना जुने परत घ्यावयाचे, कारण त्याच्या चिंध्यांची गोधडी होते. गुलाम आजारी पडला तर त्याचा शिधा कमी करावा. आणि शेतावर जे निरुपयोगी झाले असेल ते विकून टाकावे, असे सांगताना केटोने एक यादी दिली आहे. म्हातारे बैल, खोड असलेली जनावरे, जुनी गाडी, जुनी लोखंडी अवजारे. आणि त्याच यादीत म्हातारा गुलाम व आजारी गुलाम.

एके काळी गुलामांच्या पंक्तीला बसून त्यांची भाकरी खाणारा तो हाच केटो! त्या दिवसांत त्याच्याजवळ थोडी जमीन होती आणि तिच्यावर राबणारी माणसे त्याच्या डोळ्यांपुढे होती. पुढे युद्धांमागून युद्धे जिंकली गेली. गुलामांचे तांडेच्या तांडे इटलीत विकावयास येऊ लागले. धनिकांनी मोठमोठे मळे घेतले. केटोही धनिक झाला. जमिनीखेरीज त्याने जहाजांच्या व्यापारातही पैसा गुंतविला. काटकसरीची सवय तीच राहिली. मात्र तरुणपणी ती त्याच्या स्वतःच्या ताटापुरती होती. आता ती दुसऱ्याच्या ताटापर्यंत जाऊन पोहोचली.

आयुष्याच्या अखेरीस केटो एका कामासाठी कार्थेजला गेला. हॅनिबलच्या पराभवानंतर ते नगर पुन्हा भरभराटीस आलेले पाहून तो अस्वस्थ झाला. तेव्हापासून रोमच्या सेनेटमध्ये कोणत्याही विषयावर बोलण्यास उभा राहिला तरी भाषणाच्या शेवटी तो कार्थेजचा नाश करण्याची मागणी करी. इ. स. पू. 149 मध्ये रोमने कार्थेजशी युद्ध पुकारले आणि त्याच वर्षी, वयाच्या पंचाऐंशीच्या सुमारास, केटो मरण पावला. तीन वर्षांनी कार्थेज जाळून उद्ध्वस्त करण्यात आले आणि तेथील वाचलेल्या लोकांना गुलाम म्हणून विकण्यात आले.

केटोच्या मृत्यूनंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर प्लुटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने त्याचे चरित्र लिहिले. केटोचा साधेपणा, त्याचे धैर्य आणि त्याची निःस्पृहता यांचे त्याने मोकळ्या मनाने कौतुक केले आहे. परंतु म्हातारे गुलाम विकण्याच्या सल्ल्यापाशी येताच तो थबकतो. ज्या बैलाने आपल्यासाठी जन्मभर कष्ट केले तो बैलही आपण म्हातारपणी विकणार नाही. मग माणसाला त्याच्या ओळखीच्या घरातून बाहेर काढण्याची गोष्टच नको, असा त्याचा अभिप्राय आहे. स्पेनमध्ये सोडलेल्या त्या घोड्याबद्दल केटोची स्तुती करावी की निंदा, हे त्याने वाचकांवरच सोपविले आहे.

आज ऑलिव्हचे तेल काढण्यासाठी पोलादी यंत्रे आहेत. लगद्यातील तेल आणि पाणी अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रात काही मिनिटांत वेगळे होतात. तुळई, दोर आणि रहाट आता संग्रहालयांत पाहावयास मिळतात. तरीही फळ लवकर गाळावे, भांडी स्वच्छ ठेवावी, तेल पाण्यापासून वेळीच दूर करावे, हे केटोचे नियम आजचा तेल उत्पादकही पाळतो. उत्तम ते निरखून पाहण्याची, हिशेब चोख ठेवण्याची आणि सार्वजनिक पैशाला जपण्याची त्याची सवय आजही घेण्याजोगी आहे.

त्याचबरोबर त्याची ती यादीही विसरता कामा नये. दगड आणि उखळी यांच्यामध्ये करंगळीएवढे अंतर राखावे, हे केटोच्या बारीक नजरेला दिसले. मोडक्या गाडीत आणि थकलेल्या माणसात केवढे अंतर आहे, हे मात्र त्या नजरेतून निसटले.